उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी

आज सकाळी खालच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सुरू होईना. हल्लीच्या गाड्या बटण दाबलं की मुकाट्याने सुरू होतात, ही जुनी असावी. खर्रर्र... खर्रर्र... खर्र... आणि मग नुसतंच टक्. मी पोळ्या करत होते. लाटणं हातातल्या हातात थांबलं. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनीही पेपर खाली घेतला. मार्च महिना, सकाळची वेळ आणि तो आवाज!

"कांबळेंना हाक मारू का?" हे म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. खालच्या मजल्यावरचे कांबळे भाऊजी नांदेडला मुलाकडे राहायला गेले, त्याला कितीतरी वर्षं झाली.

आता हसू येतं. त्या मार्चमध्ये मात्र आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं, खाडीपलीकडे लोकल नुकती सुरू झालेली. आम्ही परळची दहा बाय बाराची खोली सोडून नेरूळला आलो होतो. दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि खिडकीतून दिसणारं रिकामं मैदान, ज्याच्यावर उन्हाळ्यात पिवळं गवत आणि धूळ, बाकी काही नाही. वारा खाडीकडून आला की खारट वास यायचा. रिक्षा मिळाली तर नशीब, नाहीतर चाला. म्हणून ह्यांनी गाडी घेतली. ह्यांच्या कारखान्यातले एक साहेब निवृत्त होऊन गावी निघाले होते, त्यांची बारा-तेरा वर्षं वापरलेली. रंग दुधात हळद पडल्यासारखा. मी म्हटलं, "अहो, वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं होतं ना?" तर म्हणाले, "वॉशिंग मशीनमध्ये बसून कुठे जाता येतं का?" ह्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं, तरी मी घालायचे.

गाडी घरी आली त्या दिवशी मी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि वाशीच्या मार्केटमधून आणलेला छोटा गणपती डॅशबोर्डवर चिकटवला. त्याच्या मागे लाल काच होती आणि काचेआड बल्ब. किल्ली फिरवली की लागायचा. हे बाजूला हाताची घडी घालून उभे. "हा पेट्रोल पीत नाही ना? मग बसू दे." सगळ्या सोसायटीसमोर! देव, उपास, नवस, सगळ्यावर ह्यांची अशीच जीभ चालायची. मी देवघरात निरांजन लावलं की हे विचारायचे, "आज वर काय तक्रार नोंदवली?" वीस वर्षं हे ऐकत आले होते. कान बधिर झाले होते म्हणा ना.

गाडीचं इंजिन तसं ठणठणीत होतं. रोग होता तो वायरींचा. डावा इंडिकेटर दिला की वायपर एकदा सलाम ठोकायचा. उजवीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळे स्टेशनजवळच्या चौकात सगळे आमच्याकडे वळून बघायचे आणि मी पदर डोक्यावर ओढून घ्यायचे. दिवे लावून हॉर्न दिला की दिवे मान टाकायचे. मग गाडी जनार्दनकडे. जनार्दन मूळचा खाडीकाठच्या दिवाळे गावातला, बापाची होडी भावाला देऊन गाड्यांच्या वायरिंगच्या धंद्यात पडलेला. नेरूळच्या नाक्यावर त्याची पत्र्याची टपरी होती. चाळिशीचा माणूस, बोटं कायम काळी, कानावर टेस्टरचा स्क्रू ड्रायव्हर. "वैनी, इंजिन वाघ हाय," तो म्हणायचा, "पन नसा गेल्यात." दर महिन्याला तो एकेक नस बदलायचा आणि आमच्या वॉशिंग मशीनचे पैसे एकेक करत त्याच्या टपरीत जायचे. एकदा कटआऊट, एकदा सेल्फ, एकदा डायनॅमो. ह्या सगळ्या वस्तूंची नावं मला माझ्या नणंदांच्या मुलांच्या नावांपेक्षा जास्त पाठ झाली होती.

तोवर सगळी गंमतच होती. गाडी बंद पडली तर पडली, भाजी पायी आणली.

पण फेब्रुवारीच्या शेवटी आमची मंजिरी कॉलेजच्या जिन्यावरून पडली. बारावी सायन्स. प्रॅक्टिकल्स संपवून, जर्नलं छातीशी धरून उतरत होती, पायरी चुकली. नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे पाय वाकवायचा नाही म्हणाले. पहिला पेपर दहा दिवसांवर. सेंटर वाशीला. पाय सरळ ठेवून पोरगी रिक्षात मावेना, बसचं तर नावच नको. मावत होती ती फक्त आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर, आडवी, पाठीला उशी लावून. पेपर अकराचा. अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला की आत घेत नाहीत. एक पेपर चुकला की वर्ष गेलं. शेजारणी धीर द्यायला यायच्या आणि "ऑक्टोबरला बसता येतं हो" असं म्हणून जायच्या. मला त्यांना चहासुद्धा द्यावासा वाटेना.

तिला हॉस्पिटलमधून आणलं त्या संध्याकाळी हे गाडी घेऊन जनार्दनकडे गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. मला वाटलं, बरं झालं, माणसाला जबाबदारी कळली, सगळं तपासून आणलं. महिनाभरासाठी ह्यांनी सेकंड शिफ्ट मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. संध्याकाळी हे घरी नसायचे, म्हणून गाडीवर कव्हर घालायचं काम दुपारीच उरकून हे कंपनीच्या बसने जायचे. कव्हर मीच शिवलं होतं, जाड ताडपत्रीसारख्या कापडाचं. ह्यांना त्या महिन्यात कव्हराचं भारी वेड लागलं होतं. चारी बाजूंनी नाड्या बांधायचे, एखाद्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे.

पहिल्या पेपरापर्यंत गाडी दवाखान्याच्या, औषधांच्या फेऱ्यांना रोज चालत होती. इंग्रजीचा पेपर सुखरूप झाला. मराठीचाही. मग दोन दिवस सुट्टी आणि फिजिक्स.

फिजिक्सच्या दिवशी साडेनऊला मंजिरीला खुर्चीत बसवून खाली आणलं. एका बाजूने हे, एका बाजूने कांबळे भाऊजी. ते मंत्रालयात क्लार्क होते, रोज नऊला निघायचे, पण त्या महिन्यात उशिराची लोकल धरून स्वतःच्या रजा खर्ची घालत होते. मंजिरीला मागे आडवी केली. मी पुढे बसले, मांडीवर तिचं कंपासबॉक्स आणि पाण्याची बाटली. ह्यांनी किल्ली फिरवली.

खर्र... टक्.

पुन्हा फिरवली. टक्. नुसतं टक्.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा चेहरा बघायचा नव्हता. मागून फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता, भराभर, काही न वाचता. कांबळे भाऊजींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, समोरच्या बिल्डिंगमधले दोघं आले, गुरखा आला. ढकलत ढकलत गाडी गेटबाहेर काढली. रस्त्यावर एकदा धक्का दिला, नाही. दोनदा, नाही. तिसऱ्यांदा भडभड करून इंजिन पेटलं आणि मागच्या धुरात कांबळे भाऊजी ओरडले, "बंद करू नका साहेब, सिग्नलला पण बंद करू नका!" सेंटरवर पोचलो तेव्हा घंटा झाली होती. शिपायाने खुर्ची आणली. मंजिरीच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरेफटक.

परत येताना मी सुरू झाले. "विका ही. आजच्या आज भंगारात घाला. दुसऱ्याची गाडी मागू, कुणाच्या पाया पडू, पण पोरीचं वर्ष ह्या डबड्यावर टांगू नका." ह्यांनी गाडी घराकडे वळवलीच नाही. एरवी एकाला दोन उत्तरं देणारा माणूस! सरळ जनार्दनकडे गेले.

जनार्दनने वायर न् वायर उलगडून पाहिली. "वैनी, बॅटरी उभ्या उभ्या उतरते," तो डोकं खाजवत म्हणाला. "गारी चालते तवा चार्ज घेते, उभी रायली की कोन पिते समजत नाय." डायनॅमोचे ब्रश बदलले. केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी बॅटरीच बदलली. नवी कोरी झेपण्यासारखी नव्हती, दुरुस्त केलेली घेतली. ह्यांनी पैसे मोजून दिले आणि तरी ह्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसासारखा होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

केमिस्ट्रीलाही तेच. टक्. ढकला. ह्या वेळी भाऊजींच्या पँटला ग्रीस लागलं. ते म्हणाले, "असू द्या वहिनी, पोरगी पोचली पाहिजे." त्यांच्या बायकोने ती पँट दोनदा धुतली, डाग गेला नाही. पुढे कितीतरी दिवस ते त्याच पँटमध्ये ऑफिसला जाताना दिसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी गाडीत मी आणि हे जोरजोरात भांडलो. मागून मंजिरी म्हणाली, "आई, बाबा, प्लीज. तुम्ही बोलायला लागलात की मला समीकरणं आठवत नाहीत." एवढंच. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी पदराचं टोक तोंडात धरून वाशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आता पुढचा पेपर गणिताचा. आणि त्याच्या आधी तीन दिवस सुट्टी. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, तेव्हा सगळा खेळ गणितावर. एरवी सुट्टी म्हणजे अभ्यासाला वेळ, पण मला त्या तीन दिवसांची धडकी भरली होती. गाडी जितकी उभी, तितकी बॅटरी रिकामी, हे आता मलाही पाठ झालं होतं. शेवटी जनार्दनने बॅटरी काढून नेली, ह्यांच्या हट्टामुळे तिच्या जागी एक मरतुकडी जुनी जोडून ठेवली, नेलेली चार्जिंगला लावली आणि पेपरच्या आदल्या दुपारी आणून बसवली. "आता उद्याला नक्की," तो म्हणाला, पण माझ्या नजरेला नजर न देता. हे कव्हर घालून, नाड्या बांधून कामावर गेले.

दिवस कलता कलता मी ब्रेड आणायला खाली उतरले आणि परत येताना लाईट गेले. अख्खा सेक्टर अंधारात. एरवी जिन्याखालची ट्यूबलाईट पार्किंगमध्ये भगभगायची, ती विझली. सांजेचा थोडा उजेड बाकी होता, तेवढ्यात जिना गाठावा म्हणून मी घाईने आमच्या गाडीशेजारून चालले होते आणि थांबले.

कव्हराच्या आत लाल काहीतरी होतं. बोराएवढं. कापडातून अंधुक दिसत होतं.

आधी वाटलं जळतंय काहीतरी. नाड्या ओढून कव्हर वर केलं. आत डॅशबोर्डवर माझा गणपती, आणि त्याच्या मागचा लाल दिवा लागलेला. गाडी बंद, किल्ली घरात खुंटीला, आणि हा आपला लखलखतोय! मी वर पळत जाऊन किल्ली आणली, दार उघडलं. गणपतीच्या खालून एक नवी पिवळी वायर निघाली होती, पाय ठेवायच्या जागेवरून आत गेलेली, आणि डॅशबोर्डच्या पोटाला एक लहानसं काळं बटण. चोरट्यासारखं लपवलेलं.

ब्रेडचा पुडा हातात तसाच. मी तडक जनार्दनच्या टपरीवर गेले. तो मेणबत्तीच्या उजेडात सामान आवरत होता.

"गणपतीची वायर कुणी केली?"

तो गडबडला. "मीच केली. सायबांनी सांगितलं."

"कधी?"

"मुलीचा पाय मोडला ना, त्या सांजेला. बोलले, किल्ली काढली तरी बत्ती विझली नाय पायजे. शेवटचा पेपर होईपर्यंत. छोटा बल्ब सारखा उडतो, तर पार्किंग लाईटचा मोठा बल्ब टाक बोलले." त्याने मान खाली घातली. "मी बटन दिलंय वैनी. सांगितलेलं, राती बंद करा. पुढं बॅटरी उतराय लागली तवा दोनदा इचारलं, सायेब, ती बत्ती बंद करताव ना? हो बोलले. देवाच्या कामात मानूस खोटं बोलंल असं मना कसं वाटंल? आनि बोलले, वैनीला सांगू नको."

मी निघाले. पायाखालचा रस्ता दिसत नव्हता, लाईट नव्हते म्हणून आणि डोळे भरले होते म्हणूनही. राग तर इतका आला होता की समोर असते तर काय बोलले असते देव जाणे. कारखान्यात मशिनरी सांभाळणारा माणूस. बल्ब बॅटरी पितो एवढं न कळण्याइतके हे भोळे नव्हते. सगळं कळत होतं. डायनॅमो बदलला, बॅटरी बदलली, सोसायटीला धक्के मारायला लावले, माझी बोलणी खाल्ली, पण तो दिवा विझवायची ह्यांची छाती झाली नाही. विझवला आणि पोरीला काही झालं तर? आणि घरी देवघरात लावायची तर त्याहून छाती नाही. वीस वर्षं माझ्या निरांजनाची थट्टा केलेली, आता कुठल्या तोंडाने काडी ओढणार? म्हणून कव्हराखाली. चार नाड्या बांधून.

अहो, मला सांगायचं होतं. मी हसले असते का?

हसले असते, खरं सांगते. थोडी हसले असतेच.

गाडीपाशी येऊन मी बटणावर बोट ठेवलं आणि तिथंच अडकले. बंद केलं तर ह्यांचं व्रत मोडलं. नाही केलं तर उद्या टक्. नवस ह्यांचा, पाप मात्र माझ्या हातून. मी मोठी शहाणी, पण माझं बोट काही दाबेना. आणि मग आई आठवली. माहेरी नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असायचा. वातीवर काजळी धरली की ती झाडावीच लागते, आणि झाडताना दिवा जायची भीती. म्हणून आई आधी शेजारी दुसरा दिवा लावून घ्यायची. तो नीट तेवला की मगच पहिल्याला हात लावायची. मग पहिला गेला तरी खंड पडला असं होत नाही.

मी वर गेले. मंजिरी मेणबत्तीशी गणितं सोडवत बसली होती, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर. मी माळ्यावरची पितळी समई काढली, पुसली, तेल घातलं, लावली.

"आई, आज काय आहे?"

"काही नाही. लाईट नाहीत ना, म्हणून."

"मग इकडे ठेव की. मेणबत्ती फडफडतेय."

समई तिच्या टेबलाजवळ सरकवली. ज्योत स्थिर झाली, तोवर उभी राहिले. मग खाली गेले, गणपतीला हात जोडले, "बाबा रे, वर आहे हो दिवा, नजर वर ठेव" असं म्हटलं आणि बटण दाबलं. कव्हर होतं तसं घातलं. नाड्या मात्र ह्यांच्यासारख्या मला बांधता आल्या नाहीत.

मी लवकर झोपले. झोपले म्हणजे पडले. हे कधी आले ते कळलं नाही. पहाटे उठले तर समई देवघरासमोर पाटावर होती. मी रात्री घातलेलं तेल एव्हाना संपायला हवं होतं. पण ती काठोकाठ भरलेली, वात पुढे सारलेली, काजळी झाडलेली. आणि ओट्यावर तेलाची बाटली, झाकण उलटं लावलेली. आमच्या घरात झाकण उलटं लावणारा माणूस एकच आहे.

त्या सकाळी नेहमीसारखा चहा दिला, घेतला. साडेनऊला मंजिरीला खाली आणलं. कांबळे भाऊजी बाह्या वर करूनच उभे. गुरखाही. ह्यांनी गाडीत बसून आधी गणपतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होते. किल्ली फिरवली.

पहिल्या सेल्फला!

भाऊजींनी टाळी वाजवली. मंजिरी मागून म्हणाली, "अय्या, बाबा!" आणि हे उजवीकडे वळले तेव्हा हॉर्न आपोआप वाजला, चौकातल्या सगळ्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. मी पदर डोक्यावर ओढला नाही.

शेवटच्या पेपरापर्यंत रोज सकाळी समई भरलेली असायची. कुणी भरली हे मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. ह्यांची जीभ मात्र आठवडाभर अगदी गप्प होती. मला उलट चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बायॉलॉजीचा शेवटचा पेपर झाला. मंजिरीला घरी आणून पलंगावर बसवलं, तिने वह्या जमिनीवर टाकल्या आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. कामावर जायची वेळ झाली होती. हे बूट घालून, नाड्या बांधून तयार. दाराशी गेले, थांबले, परत आत आले. समई मंद झाली होती. तिच्याकडे बघत, माझ्याकडे पाठ करून, पहिल्यांदाच विचारलं, "शेवटचा पेपर झाला. आता तेल घालू, की पुरे?"

वीस वर्षांचं सगळं उट्टं काढायची संधी होती. जिभेच्या टोकावर आलंही होतं.

"घाला," मी म्हटलं. "निकाल लागायचाय अजून."

खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. ह्यांनी बांधलेले बूट पुन्हा काढले, मोरीत जाऊन हात धुतले आणि समईत तेल घातलं.